ट्राइकच्या रनिंग बोर्डावरील रबरी पॅड : गोंदाची निवड आणि चिकटवण्याची पद्धत

ट्राइकच्या, म्हणजे तीन चाकांच्या मोटारसायकलच्या, रनिंग बोर्डावरचा रबरी पॅड सहसा एका दिवसात निघत नाही. आधी मागच्या मडगार्डाकडचा एक कोपरा नखभर मोकळा होतो. चढता-उतरताना बुटाची टाच नेमकी तिथेच घासते, त्या फटीत पाणी आणि बारीक वाळू शिरते, वाळू पाचरीसारखी आत सरकत जाते आणि काही आठवड्यांनी पॅडची कड जिभेसारखी वर आलेली दिसते. मग घरात असेल तो गोंद फटीत सोडला जातो, वर वीट ठेवली जाते आणि पंधरा दिवसांनी तोच कोपरा पुन्हा उचललेला असतो. ज्याने हे काम कधी केलेले नाही, त्याला गोंद निवडण्यापासून तो लावण्यापर्यंतचे सर्व टप्पे नीट कळावेत, यासाठी हा लेख आहे.

रनिंग बोर्ड म्हणजे ट्राइकच्या दोन्ही अंगांना, पुढच्या पायटेकापासून मागच्या रुंद मडगार्डापर्यंत गेलेली फळी. तिच्यावर पाय ठेवून माणूस चढतो, मागे बसणारा तिचाच आधार घेतो आणि थांबलेल्या ट्राइकवरून उतरताना पूर्ण शरीराचे वजन क्षणभर तिच्या एका टोकावर येते. हे वजन सरळ खाली दाबले गेले असते, तर जवळजवळ कोणताही गोंद टिकला असता. प्रत्यक्षात पाऊल टेकल्यावर थोडे फिरते, टाच कडेला अडकते आणि रबर कडेकडून सोलले जाते. गोंदाच्या दृष्टीने सोलणे हा सर्वांत वाईट प्रकारचा ताण असतो, कारण घसरण्याचा ताण संपूर्ण क्षेत्रफळावर वाटला जातो, तर सोलताना सगळा जोर कडेच्या एका अरुंद रेषेवर एकवटतो. म्हणूनच ट्यूबवर छापलेला ‘इतके किलो वजन पेलतो’ हा आकडा आपल्या कामाला फारसा उपयोगी नाही. तो आकडा बहुधा घसरण्याच्या किंवा सरळ ओढण्याच्या चाचणीचा असतो.

त्यामुळे ‘सर्वांत मजबूत गोंद कोणता?’ हा प्रश्न बाजूला ठेवून तीन वेगळे प्रश्न विचारावेत. माझे रबर कोणते आहे? बोर्डाचा वरचा थर कशाचा आहे? आणि दोघांच्या मध्ये अडकलेला गोंद सुकणार कसा? तिसरा प्रश्न नवख्यांना सुचतच नाही आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त कामे त्याच प्रश्नापाशी फसतात.

पहिला टप्पा : जुना पॅड काढताना पुरावा जपावा

जुना पॅड ओरबाडून फेकून देण्याची घाई करू नये. तो हेअर ड्रायरने किंवा मंद ठेवलेल्या हीट गनने कोमट करून एका कडेपासून सावकाश उचलावा आणि गोंद कोणत्या बाजूला राहिला आहे ते पाहावे. सगळा गोंद बोर्डावर आणि रबराची पाठ मात्र गुळगुळीत, कोरडी असेल, तर गोंदाने रबराला कधी धरलेच नव्हते, असे समजावे. दोष रबराच्या प्रकारात किंवा त्याच्या तयारीत आहे. याउलट गोंदाची सालपटे रबराला चिकटून आली आणि खाली बोर्ड स्वच्छ राहिला, तर दोष बोर्डाच्या तयारीचा आहे. गोंद दोन्ही बाजूंना राहून मधोमध फाटला असेल, तर तो गोंदच कामासाठी अपुरा होता. अशा वेळी त्याला बोटाने दाबून पाहावे. चुरा होत असेल तर तो ठिसूळ होऊन तडकला आहे. तारा सुटत असतील तर उष्णतेने मऊ झाला आहे किंवा मुळात सुकलाच नव्हता.

चौथी शक्यता विसरू नये. कधीकधी गोंदाबरोबर बोर्डाचा रंग किंवा पावडर कोटिंगही सालीसारखे निघून येते. तसे झाल्यास कितीही महागडा गोंद आणला तरी उपयोग नाही, कारण जोड रंगाला आहे आणि रंगच धातूला धरून नाही.

जुना गोंद काढण्यासाठी आधी प्लॅस्टिकचे खरवडणे वापरावे, मग रसायनाचा विचार करावा. ॲसिटोन आणि थिनर रंगावर, एबीएस प्लॅस्टिकवर आणि पॉलिकार्बोनेटवर वापरू नयेत. एबीएसचा पृष्ठभाग ॲसिटोनने अक्षरशः विरघळतो. लिंबूवर्गीय तेलाचे क्लीनर सौम्य असतात, परंतु त्यांचा तेलकट अंश मागे राहतो, म्हणून त्यानंतर साबणाच्या पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आवश्यक असते.

दुसरा टप्पा : रबर ओळखणे

सगळे काळे रबर सारखेच दिसते आणि तेच अडचणीचे मूळ आहे. पॅडच्या पाठीवर साच्यातून उमटलेली अक्षरे असतील तर काम सोपे होते. ‘ईपीडीएम’, ‘एनबीआर’, ‘सीआर’, ‘टीपीई’ यांपैकी रबराची जात सांगणारी एखादी खूण बहुधा बारीक अक्षरांत कोपऱ्यात असते. खूण नसेल तर विकणाऱ्याला विचारावे. विक्रेत्यालाही ठाऊक नसेल, तर पुढील ढोबळ परीक्षांवर भागवावे.

बाहेर, उन्हापावसात राहणाऱ्या पॅडसाठी ईपीडीएम वापरण्याचे प्रमाण मोठे आहे, कारण ते ऊन आणि ओझोन उत्तम सोसते. ज्या गुणामुळे ते टिकते त्याच गुणामुळे ते चिकटायला अवघड जाते. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, म्हणून गोंद त्यावर पसरण्याऐवजी मेणकागदावरच्या पाण्यासारखा गोळा होऊ पाहतो. शिवाय रबर तयार करताना घातलेली तेले आणि मेण हळूहळू बाहेर येऊन पाठीवर अतिशय पातळ थर धरतात. पॅडचा एक लहान तुकडा कापून चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा. तो स्पष्टपणे फुगला, तर ते ईपीडीएम किंवा नैसर्गिक रबरासारखे तेलाला न टिकणारे रबर असते. आकार जवळजवळ तसाच राहिला, तर एनबीआर, म्हणजे नायट्राइल, असण्याची शक्यता मोठी. निओप्रीन, म्हणजेच सीआर, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

एनबीआर आणि निओप्रीन चिकटवायला त्यातल्या त्यात सोपे असतात. सिलिकॉन रबर मात्र निराळ्याच पंथाचे आहे. ते स्पर्शाला किंचित रेशमी लागते, बहुधा रंगीत असते आणि त्याला सिलिकॉनच्याच गोंदाशिवाय व्यवहारात दुसरे काही धरत नाही. मऊ पीव्हीसीचे पॅडही ‘रबर’ म्हणूनच विकले जातात. पीव्हीसीला मऊपणा देणारे द्रव्य काही महिन्यांत गोंदाच्या थरात उतरते आणि गोंदाचा चिकट लगदा करून टाकते. गोंदाच्या माहितीपत्रकात मऊ पीव्हीसीसाठी स्पष्ट मान्यता दिलेली नसेल, तर तो या पॅडला वापरू नये. राहिले टीपीई. ते तापवले की वितळते, खरे रबर वितळत नाही. तापवलेल्या सुईचे टोक पाठीवर टेकवले की टीपीईमध्ये स्वच्छ खळगा पडतो. हे पॅड प्रायमरशिवाय, म्हणजे पकड यावी म्हणून गोंदाआधी लावायच्या द्रवाशिवाय, चिकटवण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये.

तिसरा टप्पा : बोर्ड कशाचा आहे?

बोर्ड ॲल्युमिनियमचा, स्टीलचा, फायबरचा किंवा एबीएसचा असतो. परंतु गोंदाला त्याच्या आतल्या पदार्थाशी देणेघेणे नसते. त्याचा संबंध फक्त सर्वांत वरच्या थराशी येतो. क्रोम असेल तर तो काचेसारखा गुळगुळीत असतो आणि घासल्याशिवाय गोंदाला पकड मिळत नाही. पावडर कोटिंग कणखर असते, मात्र त्याच्या काही प्रकारांत मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. फायबरच्या बोर्डावर जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत वरचा थर, असतो आणि नव्या फायबरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंश राहिलेला असतो. ट्राइकवर वर्षानुवर्षे पॉलिश आणि चकाकीचे स्प्रे मारलेले असतील, तर त्यातील सिलिकॉन हा गोंदाचा पक्का वैरी आहे.

यासाठी पाण्याची परीक्षा उत्तम आहे. जिथे पॅड बसणार आहे तो भाग साफ करून त्यावर स्वच्छ पाणी शिंपडावे. पाण्याचा अखंड पातळ पडदा तयार झाला, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन टपटप उभे राहिले, तर मेण किंवा तेल अजून आहे. ही परीक्षा धातूवर आणि घासलेल्या रंगावर चांगली लागू पडते. रबरावर तिचा उपयोग नाही, कारण रबर स्वच्छ असले तरी पाणी झटकतेच.

उष्णतेचाही अंदाज याच वेळी घ्यावा. काळा पॅड भर उन्हात 65 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. ज्या अंगाला बोर्डाखालून सायलेन्सरचा पाइप जातो, तिकडे यात आणखी भर पडते. लांबचा फेरफटका मारून आल्यावर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बोर्ड तीन-चार ठिकाणी मोजावेत. डावे-उजवे तापमान वेगळे निघाले, तर त्यातले जास्तीचे धरून गोंद निवडावा.

चौथा टप्पा : गोंदाची निवड

आता मुख्य विषय. बहुतेक लोक पहिल्यांदा हात घालतात तो झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूला. आश्चर्य वाटेल, पण हा गोंद ईपीडीएमला आणि नायट्राइलला खरोखर चांगला धरतो. त्याचा दोष दुसरीकडे आहे. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि पाऊल पडताच वाकणाऱ्या रबराखाली कडक थर तडकतो. 600 मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा बोर्ड 40 अंशांनी तापला, तर तो सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. त्यावरचे रबर मोकळे असते, तर ते त्याच्या पाच-सात पट वाढले असते. हा फरक रोज सोसण्यासाठी मधला थर लवचीक असावाच लागतो. याच कारणासाठी साधा दोन भागांचा कडक इपॉक्सी संपूर्ण पॅडखाली पसरू नये. बंदुकीतून निघणारा गरम गोंद तर विचारातच घेऊ नये, कारण उन्हात तापलेल्या बोर्डावर तो पुन्हा मऊ पडतो.

लवचीक गोंदांमध्ये हवेतील ओलावा शोषून घट्ट होणारा पॉलियुरेथेन आणि त्याचाच चुलतभाऊ शोभेल असा एमएस पॉलिमर, हे दोघे गुणांनी अतिशय चांगले आहेत. ते पाणी सोसतात, हादरे सोसतात आणि जाड थर देऊन खाचखळगे भरतात. मीही पहिल्या ट्राइकसाठी पॉलियुरेथेनच निवडला होता. दात्यांच्या पट्टीने तो पॅडभर सारखा पसरला, वजन ठेवून चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी पाय ठेवताच पॅड बोटभर सरकला. उचलून पाहिले, तर कडेला जेमतेम सहा-सात मिलिमीटरची पट्टी छान रबरासारखी घट्ट झाली होती आणि आत सगळे लोण्यासारखे ओले होते. ट्यूबमध्ये काहीही खोट नव्हती. चूक माझ्या हिशेबाची होती. हा गोंद पहिल्या चोवीस तासांत कडेपासून साधारण 2 ते 3 मिलिमीटर आत सुकतो, आणि पुढे वेग मंदावत जातो, कारण ओलाव्याला आधी सुकलेल्या थरातून वाट काढावी लागते. दुप्पट खोलीला चौपट वेळ, असे ढोबळ गणित आहे. पॅड 100 मिलिमीटर रुंद असेल, तर मध्यापर्यंतचे अंतर 50 मिलिमीटर. पहिल्या दिवशी 3 मिलिमीटर धरले, तरी मधला गोंद सुकायला नऊ-दहा महिने लागतील. खाली धातू, वर रबर, आणि ओलावा येणार फक्त कडेकडून, अशी ही कोंडी आहे. म्हणून या जातीचा गोंद वापरायचाच असेल, तर अरुंद पट्ट्यांसाठी वापरावा, नाहीतर त्याचा दोन भाग मिसळून वापरण्याचा प्रकार घ्यावा. दोन भागांचा पॉलियुरेथेन हवेवर अवलंबून नसल्याने मध्यभागीही वेळेत घट्ट होतो.

हीच कोंडी काँटॅक्ट ॲडेसिव्ह मात्र सहज सोडवते, आणि म्हणूनच नवख्या माणसाला माझी पहिली शिफारस निओप्रीन जातीच्या काँटॅक्ट ॲडेसिव्हची आहे. तो दोन्ही पृष्ठभागांना लावायचा असतो, त्यातील द्रावक जोडण्याच्या आधीच उघड्यावर उडून जाते आणि वाळलेले दोन थर एकमेकांना भिडले की तत्क्षणी धरतात. आत कोंडून राहण्यासारखे काही उरतच नाही. थर पातळ आणि लवचीक असतो, सोलण्याच्या ताणाला तो चांगला प्रतिकार करतो आणि मोटारींच्या दारांची रबरी पट्टी बसवण्यासाठी मिळणारे काळे ॲडेसिव्हही याच कुळातले आहे. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकभागी प्रकार साधारण 70 ते 80 अंशांच्या आसपास ढिला पडू लागतो, म्हणून सायलेन्सरच्या बाजूला हार्डनर मिसळून वापरायचा प्रकार घ्यावा. पाण्यात विरघळवलेले काँटॅक्ट ॲडेसिव्ह या कामात टाळावे. किमान एक बाजू सच्छिद्र असेल तेव्हाच ते नीट वाळते. सायकलच्या पंक्चरचे रबर सोल्युशनही नको. ते रबराला रबर जोडण्यासाठी असते, धातूवर त्याची पकड राहत नाही.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप. मोटारीच्या दारांवरील पट्ट्या आणि नावाच्या खुणा याच जातीच्या टेपने बसवलेल्या असतात. तिच्यात सुकण्याचा प्रश्न नाही, वास नाही, हात बरबटत नाहीत. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा फोम बोर्डावरचे बारीक उंचसखलपण झाकतो आणि तापमानाने होणारे आकुंचन-प्रसरण स्वतःत जिरवतो. परंतु साधी टेप ईपीडीएमच्या पाठीला धरत नाही. त्यासाठी त्या रबराला चालणारा प्रायमर लागतो आणि प्रायमर कोणता, हे टेप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातूनच ठरवावे. दुसरी अट अशी की बोर्डाला बाक असेल आणि पॅड सपाट असेल, तर पॅड सतत सरळ होऊ पाहतो. असा कधीच न थांबणारा ताण टेप फार काळ सोसत नाही. ती इंच-इंच सरकत सोडून देते. बाकदार बोर्डाला म्हणूनच टेप लावू नये. आणि घरगुती पांढरी फोम टेप, जी आरसे किंवा हूक लावायला मिळते, ती या कामाची नव्हे. तिचा फोम पाणी पितो.

सिलिकॉनच्या सीलंटबद्दल दोन शब्द पुरेसे आहेत. सिलिकॉन रबराचा पॅड असेल तर तोच वापरावा लागतो. इतर सर्व रबरांसाठी टाळावा. वापरायचाच झाल्यास व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घेऊ नये, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते धातूला गंजवते. सिलिकॉनचा अंश एकदा बोर्डाला लागला की पुढे तिथे रंगही धरत नाही.

गोंद विकत घेण्याआधी त्याचे तांत्रिक माहितीपत्रक उघडून तीन गोष्टी शोधाव्यात: कोणत्या पृष्ठभागांसाठी तो सांगितला आहे, सततच्या वापराचे कमाल तापमान किती, आणि सोलण्याच्या ताकदीचा आकडा दिला आहे का. हा तिसरा आकडा ज्या पत्रकात नाहीच, तो गोंद पायाखालच्या कामासाठी बनवलेला नाही, असे मी समजतो.

पाचवा टप्पा : तुकड्यावर चाचणी

नवा पॅड कापताना निघालेली दोन बोटांएवढी पट्टी जपून ठेवावी. बोर्डाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला, तीच तयारी आणि तोच गोंद वापरून ती अर्धी चिकटवावी, अर्धी मोकळी सोडावी. तीन दिवसांनी मोकळे टोक पकडून मागे ओढावे. पट्टी फाटली किंवा भरपूर जोर लावल्यावरच गोंद दोन्ही बाजूंना राहून मधून तुटला, तर निवड योग्य आहे. ती एका बाजूने स्वच्छ सुटली, तर पहिल्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे कोणती बाजू सुटली हे पाहून दुरुस्ती करावी. तीन दिवसांचा हा उशीर लोकांना जड जातो, हे मला ठाऊक आहे. पण पूर्ण पॅड पुन्हा सोलून काढण्यापेक्षा तो फारच स्वस्त पडतो.

सहावा टप्पा : पृष्ठभागांची तयारी

शक्य असेल तर बोर्ड ट्राइकवरून उतरवून टेबलावर घ्यावा. काँटॅक्ट ॲडेसिव्हमधील टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ सहज पेट घेते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. पेट्रोलची टाकी, गरम इंजिन, बॅटरीची ठिणगी किंवा जवळचा पेटता गीझर, यांपैकी काहीही आसपास नको. दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हार्डनर मिसळण्याच्या प्रकारात आयसोसायनेट असते. ते श्वासनलिकेला त्रासदायक असल्याने तिथे डब्यावर सांगितलेला मास्क वापरल्याशिवाय काम करू नये.

रबराची पाठ आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, मग 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-उभी घासावी. घासलेले रबर मखमलीसारखे फिके, काळपट-राखाडी दिसले पाहिजे. जिथे चकाकी राहिली आहे तिथे साच्याचे मेण अजून आहे. घासल्यावर ब्रशने भुकटी झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. एकाच फडक्याने पुन्हापुन्हा पुसल्यास मळ फक्त इकडून तिकडे जातो, म्हणून फडक्याची घडी दर वेळी बदलावी. पेट्रोलने पुसण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण ईपीडीएम पेट्रोल पिऊन फुगते आणि मागे तेलकट अंश राहतो.

बोर्डावर आधी कागदी साच्याने पॅडची जागा आखून घ्यावी, कडेने मास्किंग टेप लावावी आणि फक्त आतला भाग 180 ते 220 नंबरच्या पेपरने घासावा. आखणी करताना ब्रेक आणि गिअरच्या पायपट्ट्या पूर्ण खाली जातात का, पाणी निचऱ्याची भोके झाकली जात नाहीत ना, हे पाहून घ्यावे. नुसता धातू उघडा पडला असेल, तर घासल्यानंतर त्याच दिवशी प्रायमर किंवा गोंद लावावा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर पुन्हा ऑक्साइडचा थर बसलेला असतो.

पॅडचे काटकोनी कोपरे कात्रीने पाच-सहा मिलिमीटरच्या गोलाईत कापावेत. ही एक छोटी गोष्ट आहे, पण सोलण्याची सुरुवात टोकदार कोपऱ्यातूनच होते आणि गोल कोपऱ्याला टाच अडकत नाही. पॅड गुंडाळी करून आलेला असेल, तर तो आदल्या दिवशी उन्हात पसरून सपाट होऊ द्यावा.

सातवा टप्पा : चिकटवणे

काँटॅक्ट ॲडेसिव्ह वापरताना दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग दुसरा थर द्यावा. कडांवर हात आखडता घेऊ नये. मध्यावर थोडा कमी पडला तरी चालेल, पण कडेची शेवटची बोटभर पट्टी पूर्ण झाकली गेलीच पाहिजे. ओल्या गोंदाने पॅडच्या कडा वर वळतात, त्याने घाबरू नये. द्रावक उडाले की त्या खाली बसतात. डब्यावर सांगितलेला वेळ, बहुधा दहा ते वीस मिनिटे, थांबल्यावर बोटाची मागची बाजू टेकवून पाहावी. चिकट लागले पण बोटाला गोंद आला नाही आणि तार सुटली नाही, की जोडण्याची वेळ झाली. दमट, पावसाळी हवेत हे काम करू नये, कारण उडणारे द्रावक पृष्ठभाग थंड करते, त्यावर हवेतील पाणी दवासारखे बसते आणि तयार दिसणारा थर पांढुरका पडून पकड गमावतो.

एकदा टेकले की सरकवता येत नाही, ही या गोंदाची अट आहे. म्हणून बोर्डाच्या आडव्या दिशेने मेणकागदाच्या तीन-चार पट्ट्या ठेवाव्यात, त्यांवर पॅड अलगद ठेवून आखणीशी जुळवावा, मग मधली पट्टी ओढून मध्यभाग दाबावा आणि मध्यापासून दोन्ही टोकांकडे एकेक पट्टी काढत जावे, म्हणजे हवा बाहेर निघत जाते. पॅड ताणून बसवू नये. आखणीपेक्षा तो दोन मिलिमीटर आखूड पडला, तर आखूडच राहू द्यावा, कारण ताणलेले रबर परत आक्रसू पाहते आणि टोकांना रात्रंदिवस ओढत राहते.

नंतर रबरी रोलरने किंवा लाटण्याने अंगाचा जोर देऊन दाबावे आणि कडांवरून दोनदा फिरवावे. या गोंदात दाब किती वेळ ठेवला याला महत्त्व नसते, तो किती जोराचा होता याला असते. रात्रभर ठेवलेल्या विटेपेक्षा रोलरची एक कडक फेरी अधिक उपयोगी पडते.

टेप वापरत असाल, तर प्रायमर पातळ पुसून वाळवावा, टेप आधी पॅडच्या पाठीला लावून दाबावी आणि मग संरक्षक पापुद्रा काढून बोर्डावर न्यावी. टेपचे तुकडे जोडताना मध्ये फट ठेवू नये आणि संपूर्ण कडेने सलग चौकट यावी, म्हणजे पाण्याला आत वाट राहत नाही. पृष्ठभाग 20 ते 38 अंशांच्या दरम्यान असावा. 10 अंशांच्या खाली ही टेप ताठर होते आणि पृष्ठभागावर नीट पसरत नाही. खोलीच्या तापमानाला तिची निम्मी ताकद पहिल्या वीस मिनिटांत येते, सुमारे नव्वद टक्के एका दिवसात आणि पूर्ण ताकद तीन दिवसांत.

आठवा टप्पा : पहिले तीन दिवस आणि पुढे

पहिले चोवीस तास पॅडवर पाय ठेवू नये, आणि तीन दिवस ट्राइक धुऊ नये. प्रेशर वॉशरचा फवारा तर पुढेही पॅडच्या कडेवर तिरपा मारू नये. तो फटीत पाणी घुसवण्याचे यंत्रच आहे. चौथ्या दिवशी, सगळे घट्ट झाल्यावर, पॅडच्या सभोवती काळ्या एमएस पॉलिमरची बारीक धार सोडून ओल्या बोटाने ती उताराची करावी. इथे त्याला सगळीकडून हवा मिळते, त्यामुळे आधी सांगितलेली सुकण्याची अडचण येत नाही, आणि टाच अडकण्याजोगी उभी कडही उरत नाही.

पॅड चमकवण्यासाठी टायरचे स्प्रे वापरू नयेत. पाय घसरण्याचा धोका तर असतोच, शिवाय त्यातील सिलिकॉन कडेतून आत झिरपले की नंतरची दुरुस्ती अशक्य होते. दर दोन-तीन महिन्यांनी कडेवरून नख फिरवून पाहावे. घट्ट कडेवर नख नुसते घसरते, मोकळ्या कडेखाली ते किंचित आत जाते आणि रबर दाबल्यावर बारीक ‘चक्’ असा आवाज येतो. अशी जागा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर सुती काडी अल्कोहोलमध्ये बुडवून आतली वाळू पूर्ण काढावी, पूर्ण वाळू द्यावे आणि तिथे मात्र रबर मिसळलेल्या लवचीक सुपरग्लूचे दोन थेंब सोडून मिनिटभर दाबून धरावे. त्याहून मोठा भाग सुटला असेल, तर कोपऱ्यावर ठिगळ लावत बसू नये. पॅड पूर्ण काढावा, गोंद कोणत्या बाजूला राहिला आहे ते पाहावे आणि पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी.